कडाक्याच्या थंडीचे भाकीत टक्केवारीसकट छापावे

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

शरद ऋतू लागला, की ‘यंदा हाडे गोठवणारी थंडी पडणार’ अशा आशयाच्या बातम्या वृत्तपत्रांतून येऊ लागतात आणि पुढे कितीतरी दिवस त्या घरांत, कार्यालयांत आणि मोबाइलवर फिरत राहतात. आपल्या वृत्तपत्रातही अशा बातम्या येतात. त्या खोट्या असतात असे माझे म्हणणे नाही. बहुतेक वेळा त्यांच्या मुळाशी एखाद्या हवामान संस्थेचा खराखुरा अंदाज असतो. परंतु त्या अंदाजातील शक्यतेची टक्केवारी, तो कोणत्या सरासरीच्या तुलनेत दिला आहे याचा उल्लेख, आणि त्या संस्थेचे असे अंदाज आजवर कितपत खरे ठरले याची नोंद, या तिन्ही गोष्टी बातमी तयार होईपर्यंत गळून पडलेल्या असतात. मागे उरते ते एक ठाम विधान, जे मूळ अंदाजात कोणी केलेलेच नसते. येणारा हिवाळा विशेष थंड असेल का, या प्रश्नाला आजचे शास्त्र देऊ शकते ते उत्तर मर्यादित असले तरी उपयोगाचे आहे, आणि ते आहे तसे, टक्केवारीसकट छापले जावे, एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

हंगामी अंदाजात नेमके काय सांगितलेले असते, ते आधी पाहू. तुलनेसाठी तीस वर्षांचा काळ धरतात. सध्या तो १९९१ ते २०२० असा आहे. या काळातील तीस हिवाळे सर्वांत थंडापासून सर्वांत उबदारापर्यंत क्रमाने मांडले, की त्यांचे दहा-दहाचे तीन गट पडतात: सरासरीहून थंड, सरासरीच्या आसपास आणि सरासरीहून उबदार. येणाऱ्या हिवाळ्याबद्दल काहीच माहिती हाती नसेल, तर तो या तिन्हींपैकी कोणत्याही गटात पडण्याची शक्यता सारखीच, म्हणजे सुमारे ३३ टक्के असते. संस्था जेव्हा ‘यंदाचा हिवाळा सरासरीहून थंड राहण्याची शक्यता अधिक’ असे म्हणते, तेव्हा तिच्या तक्त्यात अनेकदा ४५, ३३ आणि २२ यांसारखे आकडे असतात. याचा अर्थ थंडीच्या बाजूला पारडे झुकले आहे, पण हिवाळा थंड न निघण्याची शक्यता अजूनही ५५ टक्के आहे. शिवाय ‘सरासरीहून थंड’ या गटात तीसांपैकी दहा हिवाळे येतात. त्यांतले काही सरासरीपेक्षा जेमतेम खाली असतात. ‘कडाक्याची’, ‘विक्रमी’, ‘हाडे गोठवणारी’ हे शब्द त्या तक्त्यात कुठेच नसतात. ते मथळा लिहिताना येतात.

असे अंदाज टक्केवारीतच का द्यावे लागतात, याचे मूळ १९६१ मधल्या एका प्रसंगात सापडते. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये एडवर्ड लॉरेंझ हे हवामानशास्त्रज्ञ संगणकावर हवामानाचे एक सोपे गणिती प्रारूप चालवत होते. आधीच्या गणिताचा काही भाग पुन्हा तपासण्यासाठी त्यांनी छापील कागदावरचे आकडे मधूनच यंत्रात भरले आणि ते कॉफी प्यायला गेले. तासाभराने परतले तोवर यंत्राने सुमारे दोन महिन्यांचे हवामान मोजून काढले होते, आणि ते आधीच्या निकालाशी कुठेच जुळत नव्हते. यंत्राच्या स्मृतीत ०.५०६१२७ हा आकडा होता. कागदावर मात्र जागा वाचवण्यासाठी ०.५०६ एवढाच छापला गेला होता. चौथ्या दशांश स्थळावर सुरू होणाऱ्या त्या फरकाने पुढचे सारे हवामान बदलून टाकले. प्रत्यक्ष वातावरणाची मोजमापे तर याहून कितीतरी ढोबळ असतात. म्हणून अमुक तारखेला पारा किती घसरेल, हे साधारण दोन आठवड्यांच्या पलीकडे सांगता येत नाही, आणि संगणक कितीही वेगवान झाले तरी ही मर्यादा फारशी मागे सरकणार नाही. ‘जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात थंडीची लाट येणार’ असे कोणी ऑक्टोबरमध्ये सांगत असेल, तर त्याला शास्त्राचा आधार नाही, असे निःशंकपणे म्हणता येते.

मग संपूर्ण हंगामाबद्दल तरी काही कसे सांगता येते? कारण हवा झपाट्याने बदलते, पण समुद्र सावकाश बदलतो. समुद्राच्या पृष्ठभागाचे तापमान, जमिनीतील ओल, बर्फाचे आच्छादन आणि ध्रुवीय समुद्रातील हिम या गोष्टी आठवडे आणि महिने टिकून राहतात आणि त्यांच्यावरून वाहणाऱ्या हवेला एका बाजूला कल देत राहतात. फाशाच्या एका बाजूला किंचित वजन चिकटवले तर पुढचे दान कोणते पडेल हे सांगता येत नाही, पण पुष्कळ दाने टाकल्यावर कोणता आकडा जास्त वेळा येईल हे सांगता येते. हंगामी अंदाजाचे स्वरूप तसे आहे. युरोपीय मध्यम पल्ल्याच्या हवामान अंदाज केंद्रात हाच हंगाम संगणकावर ५१ वेळा चालवून पाहिला जातो, आणि दर वेळी सुरुवातीची स्थिती अगदी थोडी वेगळी ठेवली जाते. त्या ५१ हिवाळ्यांपैकी २३ थंड गटात पडले, तर ढोबळमानाने ४५ टक्के शक्यता झाली. उरलेले २८ हिवाळेही त्याच शास्त्राने, त्याच काळजीने काढलेले असतात, हे बातमी वाचणाऱ्याला कळले पाहिजे.

या कलांचा शोध घेणाऱ्यांमध्ये गिल्बर्ट वॉकर यांचे नाव आदराने घ्यावे लागते. १९०४ मध्ये ते भारतातील वेधशाळांचे प्रमुख झाले आणि मोसमी पावसाचा अंदाज काही महिने आधी बांधता येईल का, या प्रश्नाचा पाठपुरावा करताना त्यांनी जगभरच्या वायुदाबाच्या नोंदी ताडून पाहिल्या. पॅसिफिक आणि हिंदी महासागर यांच्यावरील वायुदाब एकमेकांच्या उलट वर-खाली होतात, हे त्यांनी दाखवले. आणि उत्तर अटलांटिकवर, आइसलँड आणि अझोर्स बेटांच्या दरम्यान, असेच दुसरे आंदोलन, म्हणजे वायुदाबाचे मागेपुढे हेलकावणे, चालते, हेही नोंदवले. पहिल्या आंदोलनाचा एल निनोशी, म्हणजे विषुववृत्तीय पॅसिफिकचे पाणी अधूनमधून नेहमीपेक्षा उबदार होण्याशी, असलेला संबंध याकोब ब्येर्क्नेस यांनी १९६९ मध्ये उलगडला. येणाऱ्या हिवाळ्याच्या अंदाजाची सारी कथा या दोन आंदोलनांत सामावलेली आहे, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही. पॅसिफिकमधले आंदोलन समुद्राच्या उष्णतेशी जखडलेले असल्यामुळे काही महिने आधी बऱ्यापैकी ओळखता येते. अटलांटिकवरचे आंदोलन मुख्यतः हवेचे आहे, आणि युरोपचा हिवाळा बोचरा की सौम्य हे पुष्कळदा तेच ठरवते. ते मात्र हाती लागायला फार कठीण आहे.

मथळ्यांमध्ये मात्र ला निना आणि कडाक्याची थंडी हे जणू समानार्थी शब्द झाले आहेत. विषुववृत्तीय पॅसिफिकच्या मध्य भागातील पाणी सरासरीपेक्षा निदान अर्ध्या अंशाने थंड झाले आणि ती स्थिती टिकली, की ला निना आली असे मानतात. तिच्यामुळे झोतवाऱ्यांचे, म्हणजे खूप उंचावरून वाहणाऱ्या वेगवान वाऱ्यांच्या पट्ट्यांचे, मार्ग सरकतात, आणि काही प्रदेशांत थंड हिवाळ्याची शक्यता वाढते, तर काही प्रदेशांत ती घटते. अमेरिकेच्या उत्तर भागात ला निनाचा हिवाळा बहुधा थंड, तर दक्षिण भागात बहुधा उबदार असतो. एकाच देशाच्या दोन टोकांना उलट परिणाम होत असताना ‘ला निना आली, थंडी वाढणार’ हे विधान सरसकट कसे करता येईल? २०२४ च्या शरदात ला निनाच्या चाहुलीवरून भारतातही कडाक्याच्या थंडीची चर्चा बरीच झाली. ला निना उशिरा आली, क्षीण राहिली, आणि फेब्रुवारी २०२५ हा भारतातील १९०१ पासूनच्या नोंदींमधला सर्वांत उष्ण फेब्रुवारी ठरला. ज्यांनी ती चर्चा वाचली होती, त्यांच्यापर्यंत हा निकाल त्याच ठळकपणे पोहोचला का, याचा विचार व्हावा.

उलट बाजूचे उदाहरण अधिक गंभीर आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये अमेरिकेच्या हवामान संस्थेने, ला निना असल्यामुळे, देशाचा दक्षिण भाग हिवाळ्यात उबदार राहण्याची शक्यता अधिक असल्याचे सांगितले. डिसेंबर आणि जानेवारी तसे गेलेही. फेब्रुवारीच्या मध्यावर मात्र उत्तर ध्रुवाकडची थंड हवा थेट टेक्सासपर्यंत उतरली. वीजनिर्मिती कोलमडली, लाखो घरे दिवसेंदिवस अंधारात आणि उबेशिवाय राहिली, आणि दोनशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. अमेरिकेच्या मुख्य भूमीवर १९८९ नंतरचा तो सर्वांत थंड फेब्रुवारी होता. तरीही तीन महिन्यांची देशाची सरासरी काढली, तेव्हा तो हिवाळा विसाव्या शतकाच्या सरासरीपेक्षा उबदारच भरला. हंगामाची सरासरी आणि माणसे मारणारी थंडी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, याहून स्पष्ट पुरावा मला ठाऊक नाही. हंगामी अंदाज पहिल्या गोष्टीबद्दल बोलतो. वाचकाच्या मनात मात्र दुसरी असते. बातमीने हा फरक एका वाक्यात जरी सांगितला, तरी फार मोठे काम होईल.

आता ध्रुवीय भोवऱ्याबद्दल, कारण अलीकडे त्याचेही नाव मथळ्यांत वारंवार येते. हिवाळ्यात उत्तर ध्रुवावर, स्थितांबरात, म्हणजे ढगांच्याही वरच्या हवेच्या थरात, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणाऱ्या वेगवान वाऱ्यांचे कडे असते, तोच हा भोवरा, आणि अतिशीत हवा त्यात बऱ्याच अंशी कोंडलेली राहते. कधी कधी खालून वर चढणाऱ्या प्रचंड लहरींमुळे हे कडे मोडते. तेथील तापमान काही दिवसांत एक-दोन नव्हे, तर दहा-वीस किंवा त्याहूनही अधिक अंशांनी वाढते आणि वाऱ्यांची दिशाही उलटते. बर्लिनमध्ये रिचर्ड शेरहाग यांनी १९५२ मध्ये फुग्यांतून सोडलेल्या उपकरणांच्या नोंदींत ही घटना प्रथम पाहिली. दहा वर्षांत साधारण सहा वेळा ती घडते आणि त्यानंतरच्या काही आठवड्यांत मध्य अक्षांशांवर थंडी उतरण्याची शक्यता वाढते. येथेही ‘शक्यता’ हाच शब्द महत्त्वाचा आहे. फेब्रुवारी २०१८ मध्ये भोवरा फुटला आणि महिनाअखेरीस युरोप पूर्वेकडून आलेल्या गोठवणाऱ्या वाऱ्यांनी गारठून गेला. जानेवारी २०१९ मध्ये तो पुन्हा फुटला, तेव्हा अनेकांनी तशाच थंडीची अपेक्षा धरली. पण २६ फेब्रुवारी २०१९ रोजी लंडनमधील क्यू येथे पारा २१.२ अंशांवर गेला, आणि ब्रिटनच्या हिवाळ्यातील तो उच्चांक ठरला. त्याच हिवाळ्यात, जानेवारीच्या अखेरीस, शिकागोत मात्र तापमान उणे ३० अंशांच्या आसपास उतरले होते. खूण लागोपाठच्या दोन वर्षी तीच होती, परिणाम एकाच देशात उलट झाले. भोवरा फुटल्याची बातमी जरूर द्यावी, परंतु तिच्यासोबत या दोन वर्षांची आठवणही द्यावी.

ब्रिटनमध्ये या साऱ्याचा एक दुःखद शेवट झाला होता, तो सांगणे मला आवश्यक वाटते. २००९ च्या शरदात तेथील हवामान खात्याने पुढचा हिवाळा सौम्य राहण्याकडे कल असल्याचे म्हटले. थंड हिवाळ्याची लहानशी शक्यताही त्यात नोंदवलेली होती. प्रत्यक्षात अटलांटिकवरचे आंदोलन विलक्षण तीव्रतेने उलट बाजूला गेले, आणि तीन दशकांतला सर्वांत थंड हिवाळा आला. त्याआधीच्या उन्हाळ्याचा अंदाजही लोकांच्या अपेक्षेप्रमाणे ठरला नव्हता. टीका एवढी झाली, की मार्च २०१० मध्ये खात्याने सर्वसामान्यांसाठीचे हंगामी अंदाज देणेच थांबवले. लहान शक्यता प्रत्यक्षात उतरली म्हणजे अंदाज बाद झाला, असे समजले गेले, कारण लोकांपर्यंत टक्केवारी कधी नीट पोहोचलीच नव्हती. याच खात्यातील संशोधकांनी २०१४ मध्ये दाखवून दिले, की अटलांटिकवरील हिवाळी आंदोलनाचा अंदाज काही महिने आधी सुमारे ०.६ इतक्या सहसंबंधाने (अंदाज आणि प्रत्यक्ष तंतोतंत जुळले तर हा आकडा १ असतो) बांधता येतो. म्हणजे वर्षावर्षातल्या चढउतारांपैकी साधारण एकतृतीयांश भाग आधी हाती लागतो आणि दोनतृतीयांश लागत नाही. हे यश मोठे आहे. ज्या आंदोलनाबद्दल आधी जवळजवळ काहीच सांगता येत नव्हते, त्याबद्दल एवढे सांगता येणे ही कित्येक वर्षांच्या कष्टांची कमाई आहे, आणि ती ठाम मथळ्याखाली दबून जावी याचे मला वाईट वाटते.

‘सरासरी’ या मोजपट्टीबद्दलही थोडे सांगितले पाहिजे. तीस वर्षांची ही मोजपट्टी दर दहा वर्षांनी पुढे सरकते, आणि पृथ्वी तापत असल्यामुळे प्रत्येक नवी सरासरी बहुतेक ठिकाणी जुनीपेक्षा थोडी उबदार असते. त्यामुळे १९६१ ते १९९० या काळाच्या तुलनेत जो हिवाळा सामान्य ठरला असता, तोच आज ‘सरासरीहून थंड’ या गटात जाऊ शकतो. वयस्क वाचकांना आठवणारी थंडी आणि आजच्या तक्त्यातली थंडी यांत हे अंतर असते. तापमानवाढीमुळे अतिथंड हिवाळ्यांची शक्यता घटली आहे, पण ती शून्य झालेली नाही. १६५९ पासून नोंदी असलेल्या मध्य इंग्लंडमध्ये १९६२-६३ चा हिवाळा हा १७४० नंतरचा सर्वांत थंड हिवाळा होता. असा हिवाळा पुन्हा कधीच येणार नाही, असे कोणताही अंदाज सांगत नाही.

झाडांना लगडलेली फळे, जनावरांची दाट लोकर, सुरवंटांच्या अंगावरचे पट्टे अशा खुणांवरून थंडीचे भाकीत करण्याची रीत जगात पुष्कळ ठिकाणी आहे. त्यामागच्या निरीक्षणशक्तीबद्दल मला आदर आहे. मात्र फळांचा बहर आणि लोकरीची वाढ सरून गेलेल्या वसंताची आणि उन्हाळ्याची हकिकत सांगतात. येणाऱ्या हिवाळ्याची त्यांना खबर नसते.

या टक्केवारीचे सामान्य माणसाने काय करायचे, असे कोणी विचारेल. आपण कोण आहोत आणि आपले काय पणाला लागले आहे, यावर ते ठरते. पूर्वतयारीचा खर्च हा संभाव्य नुकसानीच्या एकपंचमांश असेल, तर तीव्र थंडीची शक्यता २० टक्क्यांच्या वर जाताच तयारी करणे हिताचे ठरते. उघड्यावर झोपणाऱ्यांसाठी निवारा उभारणारी संस्था, रुग्णालय किंवा वीजपुरवठा सांभाळणारे अभियंते यांची स्थिती अशी असते. त्यांच्या दृष्टीने थंडी टळली तर थोडा खर्च वाया जातो आणि थंडी आली तर माणसे वाचतात. ज्याच्या तयारीचा खर्च नुकसानीच्या निम्म्याहून अधिक आहे, त्याने ४५ टक्क्यांवरही थांबणेच शहाणपणाचे. एकच अंदाज वाचून दोघांनी दोन वेगळे निर्णय घ्यावेत आणि दोन्ही बरोबर असावेत, हे आकडा छापला असेल तरच शक्य होते. ‘यंदा थंडीच थंडी’ असे वाचून दुसरा नाहक खर्च करतो, आणि ‘यंदा हिवाळा सौम्य’ असे वाचून पहिला गाफील राहतो. या दुसऱ्या चुकीची किंमत फार मोठी असते.

अंदाज देणाऱ्या संस्थांचा हिशेब ठेवणेही आवश्यक आहे, आणि तो एका हिवाळ्यावरून ठेवता येत नाही. एखादी संस्था ज्या ज्या वेळी ४० टक्के म्हणाली, त्यांपैकी शंभरात चाळीसच्या आसपास वेळा तसे घडले का, हे पुष्कळ वर्षांच्या नोंदींवरून तपासावे लागते. अमेरिकेच्या हवामान खात्यातील ग्लेन ब्रायर यांनी १९५० मध्येच अशा तपासणीसाठी एक मोजमाप सुचवले आणि जगभरच्या संस्था ते आजही वापरतात. ही माहिती बहुतेक मोठ्या संस्था खुली ठेवतात. ती वाचकांपर्यंत आणण्याचे काम वृत्तपत्रच करू शकते.

आपणांस माझी विनंती अशी आहे. येणाऱ्या हिवाळ्याचा अंदाज छापताना तिन्ही गटांचे आकडे, तुलनेचा काळ आणि प्रदेश बातमीच्या पहिल्या परिच्छेदातच द्यावेत. अंदाज किमान तापमानाचा आहे की कमाल तापमानाचा, हेही लिहावे, कारण रात्री उबदार आणि दिवस गार असा हिवाळाही असू शकतो. हंगाम संपल्यावर, मार्चमध्ये, शरदात छापलेला आकडा आणि प्रत्यक्ष निकाल शेजारी-शेजारी ठेवून तेवढीच जागा द्यावी, आणि ही नोंद दरवर्षी चालू ठेवावी. थंडीच्या लाटेचा पाच-सात दिवस आधीचा अंदाज आज बराच भरवशाचा असतो आणि माणसांचे प्राण वाचवतो तो तोच. ऑक्टोबरमधल्या भाकिताला जो ठळक टाइप आणि पहिल्या पानावरची जी जागा मिळते, ती त्या दिवशी या अंदाजाला मिळावी, आणि वृद्ध, तान्ही मुले व उघड्यावर राहणारे लोक यांच्यासाठीच्या सूचना त्याच्या खालीच छापल्या जाव्यात.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक नियमित वाचक